वायफाय जोडलंय, पण साइट उघडत नाही

वायफायची खूण पूर्ण भरलेली असते, जोडणी झाल्याचा निरोपही येतो, तरी ब्राउझर म्हणतो, सर्व्हर सापडत नाही. लिनक्स लॅपटॉपवर असं झालं की आधी राउटर बंद-चालू होतो, मग लॅपटॉप, आणि शेवटी कुठून तरी मिळालेली कमांड टर्मिनलमध्ये डकवली जाते. नेट कधी सुरूही होतं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न क्रमाने विचारावेत: पत्ता मिळाला का, वाट आहे का, नावं उलगडतात का?

पत्ता देणं हे डीएचसीपीचं काम. लॅपटॉप नेटवर्कवर हाक देतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, लॅपटॉप तो मागतो आणि राउटर पक्का करतो. पत्ता मुदतीचा असतो. सोबत बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे, आणि साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हरही कळवले जातात. ‘आयपी ए’ ही कमांड दिली की पत्ता दिसतो. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर आलेलं नाही. मग डीएनएसमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही.

पत्ता ठीक असेल तर १.१.१.१ ला पिंग करावं. उत्तर आलं, म्हणजे वाट मोकळी आहे. मग एखाद्या साइटच्या नावाला पिंग करावं. आकड्यांना उत्तर येतं आणि नावच सापडत नाही, तर दोष डीएनएसचा. काही ऑफिसांत पिंग अडवलेलं असतं आणि हॉटेलच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान भरावं लागतं, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत सांभाळलेल्या एकाच फाइलमध्ये असत. तिचा वारसा सांगणारी ‘होस्ट्स’ फाइल आजही प्रत्येक लिनक्समध्ये आहे आणि ती सहसा डीएनएसच्या आधी वाचली जाते. एकच साइट रुसली असेल, तर तिथे जुनी नोंद राहिली आहे का, ते पाहावं.

खरा घोळ होतो डीएनएस सर्व्हर कोणता ते सांगणाऱ्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलपाशी. उबुंटू किंवा फेडोरावर ती उघडली की १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. तो चुकीचा नाही; तो लॅपटॉपचा स्वतःचाच आहे. सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा प्रोग्रॅम तिथे प्रश्न ऐकतो आणि खऱ्या सर्व्हरकडे धाडतो. ते सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने दिसतात. बंद केलेल्या व्हीपीएनचा सर्व्हर तिथे चिकटून राहिलेला आढळला, तर रोग सापडला.

फाइल हाताने बदलली, तर पुढच्या जोडणीला बदल पुसला जाण्याचीच शक्यता जास्त, कारण ती आपण नव्हे, यंत्रणा लिहिते. फाइलला कुलूप घालण्याचा सल्लाही मिळतो. पण मग घरचा सर्व्हर ऑफिसातही गळ्यात पडतो आणि तिथली अंतर्गत नावं सापडेनाशी होतात. म्हणून जे सांगायचं ते जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरला सांगावं: त्या वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर आपोआप डीएनएस बंद करून हवा तो सर्व्हर लिहावा आणि जोडणी तोडून पुन्हा जोडावी.

एवढ्यानेही जमलं नाही, तर केबलवाल्याला फोन करताना ‘नेट चालत नाही’ म्हणू नये. ‘पत्ता मिळतो, पिंग जातं, फक्त नावं उलगडत नाहीत,’ असं सांगावं. मग राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला देऊन त्याला सुटता येत नाही.