मनी प्लांटचं पेर

शेजारणीने मनी प्लांट मागितला की पुष्कळदा आपण देठासकट एक छानसं पान खुडून देतो. ते पान बाटलीत महिनोन्‌महिने हिरवं राहतं, कधी त्याला मुळंही फुटतात, पण वेल काही होत नाही. कारण कोंब पानातून येत नाही, पेरातून येतो. खोडाला पानाचा देठ जिथे चिकटतो ती किंचित फुगीर गाठ म्हणजे पेर. तिथे एक डोळा दबून असतो, जवळच तपकिरी टोक दिसतं, ते हवेतलं मूळ. म्हणून द्यायचा तर दोन-तीन पेरांचा तुकडा द्यावा, खालच्या पेराखाली अर्धा इंच ठेवून कापलेला. पाण्यात बुडणारं पान काढून टाकावं, नाहीतर ते कुजून पाणी नासवतं.

ही वेल मूळची फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरची. जगभर पोचली ती बियांनी नव्हे, कारण ती सहसा फुलतच नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं तिचं एक जनुक नीट काम करत नाही, हे 2016 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे आपल्या खिडकीतली वेल हा कुणाच्या तरी वेलीचा तुकडा, आणि ती आणखी कुणाच्या. नर्सरीतली रोपंही अशीच केलेली. ‘चोरून आणलेला मनी प्लांटच लागतो’ या समजामागे हेच असावं असं मला वाटतं. बी नाही, तेव्हा कुणाच्या तरी वेलीला हात लावावाच लागतो. मी मात्र मागूनच आणते. देणारी बाई मग पुढे महिनाभर वेलीची चौकशी करत राहते, ते मला फार आवडतं.

बाटलीतल्या वेलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रश्न डेंग्यूचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या ओल्या भिंतीला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि कोरडी पडलेली अंडी कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरत नाही. दर आठवड्याला बाटली आतून ब्रशने घासायची, मुळंही धुवायची. लकी बांबूलाही हेच लागू. 2001 साली चीनहून लॉस एंजेलिसला गेलेल्या लकी बांबूबरोबर एडिसचीच एक जात असलेला टायगर डासही तिथे उतरला होता. एवढं जमणार नसेल तर वेल सरळ मातीत लावावी. मुळं दोन-तीन इंचांची झाली की लगेच. पाण्यात फार वाढलेली मुळं मातीत पटकन रुळत नाहीत.

मातीत ही वेल मरते ती बहुधा जास्त पाण्याने. कुंडीत बोट खुपसून बघावं. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी. माती ओली आणि खालची पानं पिवळी, तर मुळं गुदमरली आहेत. पावसाळ्यात आठवडाभर पाणी नाही घातलं तरी चालतं.

वास्तुशास्त्र मानणारे आग्नेय कोपरा सांगतात. तो उजेडाचा असेल तर उत्तमच, पण अंधारा असेल तर मी वेल खिडकीजवळ हलवीन. पानावरचा पिवळा भाग फारसं अन्न बनवत नाही, म्हणून उजेड कमी पडला की नवी पानं साधी हिरवी येऊ लागतात. दुपारचं कडक ऊन मात्र पानं भाजतं.

पानं मोठी हवी असतील तर वेल वर चढवा. जंगलात झाडावर चढलेल्या वेलीची पानं हात-दीड हात लांब होतात आणि फाटतात. खाली लोंबत ठेवली की ती लहानच राहतात. काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवून ती ओलसर ठेवली की हवेतली मुळं तिला धरतात. लोंबतीच ठेवायची असेल तर शेंडे छाटून तेच तुकडे पुन्हा कुंडीत खोचावेत, मग बुंध्याशी उघडी पडलेली वेल दाट होते.

छाटल्यावर हात धुवावेत. ही अळूच्या कुळातली आहे, कच्च्या अळूसारखेच बोचरे स्फटिक हिच्यातही असतात. रांगतं बाळ किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावरच टांगावी.