पडद्यावरचा भाव

बालरोगतज्ज्ञाच्या संगणकावर कापसाचा भाव कशाला, असे अनेक स्नेह्यांनी विचारले आहे. दिवाळीनंतर आदिलाबादेत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचा पैसा कापसात अडकलेला असतो. बाळाला आज दाखल करायचे की दोन दिवस थांबायचे, हे पुष्कळदा मार्केट यार्डातला भाव ठरवतो. रुग्णांच्या नोंदी मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ठेवतो. त्याच फॉर्मच्या कोपऱ्यात भावाची एक चौकट असावी, असे मनाने घेतले.

शासनाच्या अ‍ॅगमार्कनेटवर सन 2000 पासून बाजारसमित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतात. पण ते दिवसाचे, घटकेचे नव्हेत. म्हणून यार्डातून फोनवर आलेला भाव स्वागतकक्षातील मुलगी टेबलात नव्या ओळीत भरी आणि माझ्या खोलीतील फॉर्म दर 60,000 मिलिसेकंदांनी, म्हणजे मिनिटागणिक, ताजा होई. निदान माझी तशी समजूत होती.

2024-25 च्या हंगामात न्यूमोनियाच्या एका मुलाचे वडील म्हणाले, "साहेब, गाडी यार्डाबाहेर उभी आहे. विकू का?" मी पडद्याकडे पाहून, भाव बरा आहे, असे सांगितले. संध्याकाळी ते परतले. "तुमच्या कम्प्युटरात कालचा भाव होता जी," एवढेच म्हणाले. भाव उतरला होता, आणि गाडीभाडे चढत असल्याने माल परत नेणे शक्य नव्हते. मुलगा बरा होत होता. मला मात्र त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

दोष सर्वस्वी माझा होता. मी टायमरला 'रिफ्रेश' सांगितले होते. अ‍ॅक्सेसमध्ये त्याने आधीच दिसणाऱ्या नोंदींतील बदल दिसतात, नव्याने भरलेल्या ओळी दिसत नाहीत. त्यासाठी 'रिक्वेरी' लागते. फॉर्म रात्रभर उघडा राहिला होता, म्हणून काल संध्याकाळची ओळच समोर होती. परंतु रिक्वेरीतही एक खोच आहे: ती फॉर्मला पहिल्या नोंदीवर नेऊन ठेवते. मुख्य फॉर्मवर ती चालवली असती, तर औषधाची मात्रा लिहिता लिहिता दुसऱ्याच बाळाचे वजन समोर आले असते! म्हणून भावासाठी स्वतंत्र उपफॉर्म केला आणि रिक्वेरी तेवढ्यापुरती ठेवली.

पल्स ऑक्सिमीटरवर आकडा दिसला तरी लहर नीट उमटल्याखेरीज आपण त्यावर विसंबत नाही. बाळ पाय हलवत असेल तर मुळीच नाही. ही सवय मी संगणकापुढे कशी विसरलो, याचे आजही नवल वाटते. आता भावाशेजारी नोंदीची वेळ असते आणि अर्धा तास उलटला की आकडा फिका पडतो.

हमीभावाची ओळ वेगळी आहे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,521 रुपये होते, तेही ओलावा 8 टक्क्यांच्या आत असेल तर. त्यापुढे कपात आणि 12 टक्क्यांवर खरेदीच नाही. त्यामुळे मी आता पालकांना आधी ओलावा विचारतो.

परवा एक आजोबा नातवाला घेऊन आले. चष्मा पुसून त्यांनी आधी वेळ वाचली, मग भाव.