छोट्या उद्योगाचे संगणकीय कुलूप

दुकान बंद करताना आपण कुलूप दोनदा ओढून पाहतो. परंतु ज्या संगणकात उधारीचे हिशेब, ग्राहकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार साठवलेले असतात, त्याच्या कुलपाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ‘आपल्या लहान धंद्यात चोराला काय मिळणार?’ हा समज आपल्यात सर्रास आढळतो. तो कितपत खरा आहे, हे आपण पाहू.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातील फायली सांकेतिक लिपीत बंद करी आणि त्या सोडवण्यासाठी ३०० डॉलर मागे. धंदा लहान की मोठा, हे तो पाहत नव्हता. विंडोजमधील एक उणीव जेथे शिल्लक असे, तेथे तो आपोआप शिरे. विशेष म्हणजे त्या वेळच्या चालू आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. औषध घरात होते, ते घेतले गेले नाही! ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये अशाच संगणकीय मार्गाने लंपास झाले. बँकेची ही गत, तर आपण बेफिकीर राहून कसे चालेल?

दुसरा धोका साधा आहे, म्हणूनच फसवा आहे. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल येतो : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी.’ रक्कम भरली की ती चोराच्या हाती जाते. पाच-सहा कामगारांचा पगार ज्या पैशातून व्हायचा, तोच असा गेला तर त्यांच्या घरची चूल कशी पेटणार? म्हणून आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय खाते बदलू नये. तसेच यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावरच्या मुलालाही सांगून ठेवावे.

उपाय खर्चिक नाहीत. संगणकाच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही बंद पडेल. प्रत्येक नोकराला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि तो काम सोडून गेल्यास त्याच दिवशी रद्द करावा. ई-मेल व बँकेसाठी पासवर्डबरोबर ओटीपीचीही जोड ठेवावी.

एवढे करूनही घात झालाच, तर त्या संगणकाचे इंटरनेट ताबडतोब तोडावे. पैसे गेले असल्यास बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे लाज बाळगून गप्प बसणे म्हणजे चोराला पळण्यास वेळ देणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हे यंत्र आमच्यापेक्षा चांगले कळते. आपल्या वस्तीतील एका दुकानदाराजवळ तासभर बसून त्याच्या हिशेबाची सुरक्षित प्रत काढून द्या. शिक्षणाचा समाजाला असाही उपयोग होतो.