हक्कासाठी वकील कसा पाहावा?

कोकणात गाव म्हटले की गावकी आली. गावकी देवळाचे पाहते. शिमग्याला पालखी फिरवते. पाखाडी मोडली तर दुरुस्त करते. कुणाच्या घरी मयत झाली तर सारी वाडी धावून येते. हे सारे चांगलेच आहे.

पण कधी कधी हीच गावकी एखाद्या घरावर कोपते. बैठक बसते. दंड सांगितला जातो. दंड भरला नाही, तर ते घर वाळीत पडते. मग त्या घराशी कुणी बोलत नाही. लावणीला गडी मिळत नाहीत. वाडीतला दुकानदार मीठसुद्धा देत नाही. चाकरमानी मुलगा गणपतीला घरी येतो, पण आरतीला शेजारी येत नाहीत. पालखी दारावरून तशीच पुढे जाते.

अशा घरच्या माणसाने काय करावे? दंड भरून गप्प बसावे काय? नाही. कायदा त्याच्या बाजूचा आहे. पण कायदा पुस्तकात असतो. तो पुस्तकातून काढून कोर्टापुढे मांडायला जाणता माणूस लागतो. तो माणूस म्हणजे वकील. आता प्रश्न येतो, वकील कसा ओळखावा? आणि खिशात पैसा नसेल तर काय करावे? आम्ही या धड्यात तेच सांगणार आहोत.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाच्या रकमेतून वाळीत पडलेल्या घराला भरपाई देता येते.

पण सगळ्यांना एकच कायदा लागत नाही. वाळीत पडलेले घर अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असेल आणि टाकणारे तसे नसतील, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तो जास्त कडक आहे. त्याचा खटला विशेष कोर्टात चालतो. शिवाशिवीवरून पाणवठा किंवा देऊळ बंद केले असेल, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. शेतात जायची वाटच अडवली असेल, तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

पाहा, त्रास एकच, पण दारे चार. चुकीच्या दारावर धक्के मारीत बसलो तर वर्ष निघून जाते. कोणते दार ठोठवावे हे ज्याला कळते, तोच आपल्या कामाचा वकील.

तक्रारीला वकील लागतो काय?

पुष्कळांना वाटते, आधी वकील गाठावा आणि मग पोलिसांत जावे. तसे नाही. तक्रार आपली आपण देता येते. पोलिसांनी ती लिहून घ्यावी, आपल्याला वाचून दाखवावी आणि तिची नक्कल फुकट द्यावी, असा कायदा आहे. आता तुम्हांला वाचता येते. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. तारीख, नावे, जागा बरोबर आहेत ना ते पाहा.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर घाबरू नका. तीच तक्रार लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. रजिस्टर करा आणि पावती जपून ठेवा. तेथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाता येते. येथे वकील बरोबर असलेला बरा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फौजदारी खटला सरकार चालवते. त्यासाठी सरकारी वकील असतो. त्याला आपण फी द्यायची नसते. मग आपला वकील कशाला? आपली बाजू सरकारी वकिलाच्या ध्यानात आणून द्यायला, कागद पुरवायला, साक्षीदारावर दाब येत असेल तर कोर्टाला सांगायला. कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो.

महाडचा दावा

हक्काचा दावा कसा असतो, हे महाडच्या गोष्टीवरून कळेल. आपल्या मंडणगड तालुक्याच्या उत्तरेला सावित्री नदी आहे. त्याच नदीच्या काठी महाड आहे. तेथले चवदार तळे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला. पण ठराव कागदावरच राहिला. दलितांना कुणी पाणी भरू देईना. मग २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. ते आपल्या मंडणगड तालुक्यातलेच.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा विरोधक कोर्टात गेले. तळे आमचे आहे, दलितांनी ते वापरायचे नाही अशी फार जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम दिला. लोक हजारोंनी जमले होते. मने तापली होती. पण बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. त्यांनी हुकूम मोडू दिला नाही. पुढे तो तात्पुरता हुकूम उठला. दावा मात्र एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात चालत राहिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अशी वहिवाट अनादि काळापासून होती हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे हायकोर्टाने ठरवले. तळे सर्वांना मोकळे राहिले.

या दाव्याला जवळजवळ दहा वर्षे लागली. तो आरडाओरड करून जिंकला नाही. तळे कुणाचे, वहिवाट कधीपासूनची, तिला पुरावा काय, या प्रश्नांवर तो जिंकला. म्हणून हक्काच्या कामाला मोठ्या आवाजाचा वकील नको. पुरावा पाहणारा आणि दम धरणारा वकील हवा.

दोन वकील

समजा, वाळीत पडलेला एक शेतकरी तालुक्याला गेला. पहिल्या वकिलाकडे तो बसला. वकील म्हणाले, "काही काळजी करू नका. केस जिंकलीच समजा. आज पैसे ठेवा आणि या कागदावर सही करा." कागद कोरा होता.

शेतकरी उठला आणि दुसरीकडे गेला. हे वकील म्हणाले, "बसा. बैठक कोणत्या दिवशी झाली? कुठे झाली? कोण कोण होते? दंडाची पावती आहे काय? बहिष्काराचा निरोप कुणी फोनवर पाठवला आहे काय? दुकानदाराने माल नाकारला तेव्हा शेजारी कोण होते?" शेतकऱ्याने विचारले, "साहेब, आपण जिंकू ना?" वकील म्हणाले, "ते मी आज सांगू शकत नाही. पण काय करता येईल आणि त्याला काय लागेल, ते सांगतो."

यांतला खरा वकील कोणता? दुसराच. कोर्टाचा निकाल कुणाच्या खिशात नसतो. जिंकून देतो म्हणून हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

काय काय विचारावे?

वकिलाला प्रश्न विचारायला लाजू नये. आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. येथे तर आपल्या घराची अब्रू त्याच्या हाती द्यायची आहे. म्हणून हे विचारा.

एक. तुमची सनद कोणत्या सालची? वकिलाच्या नोंदणी क्रमांकात साल असते. पण नुसत्या वर्षांवर जाऊ नका. वीस वर्षे खरेदीखते करणारा वकील बहिष्काराच्या कामात नवखा असू शकतो.

दोन. असे खटले तुम्ही चालवले आहेत काय? कोणत्या कोर्टात? त्यांचे पुढे काय झाले?

तीन. कोर्टात स्वतः उभे राहाल, की दुसऱ्याला पाठवाल?

चार. समोरच्या मंडळींशी तुमचे नाते किंवा काम आहे काय? लहान तालुक्यात हे फार महत्त्वाचे आहे. गावकीच्या पुढाऱ्याचे काम करणारा वकील आपले काम मोकळ्या मनाने कसा करील? अशा वेळी शेजारच्या तालुक्यातला वकील पाहावा.

पाच. हायकोर्टात जावे लागले तर? पूर्वी रत्नागिरीकराला मुंबईच गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापूरला बसते. आपला जिल्हा त्यात आहे.

वकिलाची चौकशी कोर्टातही करता येते. एक दिवस कोर्टात जाऊन मागे बसा. खटले उघडपणे चालतात. कोण तयारीने येतो आणि कोण नुसत्या तारखा मागतो, ते डोळ्यांनी दिसते. कोर्टाच्या दारात "चला, चांगला वकील दाखवतो" म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्यामागे जाऊ नका. वकिलाने दलाल ठेवू नये आणि स्वतःची जाहिरातही करू नये, असा वकिलांच्या मंडळाचा, म्हणजे बार कौन्सिलचा नियम आहे.

फी आणि वकीलपत्र

फी आधी ठरवा. एकूण किती, कोणत्या वेळी किती, आणि टायपिंग, नकला, कोर्ट फी यांचा खर्च वेगळा काय, हे कागदावर लिहून घ्या. दर वेळी पावती मागा. निकालानंतर जमिनीत किंवा भरपाईत हिस्सा द्या, असे कुणी म्हणाले तर साफ नाही म्हणा. वकिलाने असा करार करणे नियमाविरुद्ध आहे.

वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार. ते वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. मूळ कागद घरी ठेवा, वकिलाला नकला द्या. मूळ कागद द्यावाच लागला तर पोच घ्या. प्रत्येक तारीख वहीत लिहा. आज काय झाले आणि पुढची तारीख कोणती, हे वकिलाला विचारणे हा आपला हक्क आहे.

वकील पटला नाही तर बदलता येतो. फी राहिली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. वकिलाने फसवले तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

पैसे नसतील तर?

मग सरकारी खर्चाने वकील मिळतो. ही कुणाची मेहेरबानी नाही. गरिबाला पैशावाचून न्याय अडू नये, असे आपल्या राज्यघटनेत लिहिले आहे. त्यासाठी १९८७ साली कायदा झाला आणि तो १९९५ पासून अमलात आहे.

स्त्रिया, लहान मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, कारखान्यातले कामगार, अटकेत असलेली माणसे, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेली माणसे, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांचे वर्षाचे उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असेल तर महाराष्ट्रात त्यांनाही ही मदत मिळते. म्हणजे घरातल्या बाईने अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखलाही आड येत नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, कागद तयार करण्याचा खर्च, हे सारे त्यात येते.

अर्ज कुठे द्यावा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. रत्नागिरीला जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. अर्ज साध्या मराठीत चालतो. फुकट मिळालेला वकील म्हणून त्याला प्रश्न विचारायला कचरू नका. तो वकीलही तुमचाच वकील आहे. तो पैसे मागू लागला तर देऊ नका. समितीकडे सांगा.

शेवटी एक सांगतो. वाळीत पडलेले घर बहुधा एकटे पडल्यामुळे हरते. कायदा नसल्यामुळे नव्हे. दिवस जातात, पावत्या हरवतात, साक्षीदार विसरतात किंवा भितात. म्हणून ज्या दिवशी बैठक बसली, त्याच रात्री एक वही घ्या. तारीख घाला. कोण काय बोलले ते लिहून काढा. आता तुम्हांला लिहिता येते. ती वही घेऊन वकिलाकडे जा. चांगला वकील आधी तीच मागेल.