नकली गोळीनं जास्त वजन उतरवलं!

दोस्तांनो, आमसूल तुम्हाला ठाऊक आहेच. आमटीत पडतं, ज्याची सोलकढी होते, तेच. या कोकमाची एक चुलतबहीण केरळात राहते, मलबारी चिंच. तिकडे माशाच्या कालवणात ती हवीच हवी. तिच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल नावाचं आंबट द्रव्य असतं. ते दिल्यावर प्रयोगशाळेतले उंदीर कमी खाऊ लागले. एवढं कळायचा अवकाश, माणसांसाठी ‘गार्सिनिया’च्या गोळ्या बाजारात आल्या! ‘नैसर्गिक’, ‘चरबी वितळवणाऱ्या’ वगैरे वगैरे.

आता मला सांगा, अशा गोळीनं वजन खरंच उतरतं का, हे कसं ठरवायचं? तुम्ही म्हणाल, त्यात काय, शंभर जणांना गोळ्या द्यायच्या आणि नंतर काट्यावर उभं करायचं. पण थांबा. पैसे मोजून गोळ्या आणणारा माणूस त्याच दिवसापासून भजी-वडे कमी करतो, लिफ्ट सोडून जिना चढतो. मग वजन उतरलं तर शाबासकी कोणाला द्यायची, गोळीला की जिन्याला?

म्हणून शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. माणसांचे दोन गट पाडतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला नकली. नकली गोळी दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषधाचा कणही नाही. कोणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही. न्यूयॉर्कमध्ये १३५ लठ्ठ माणसांवर गार्सिनियाची अशी १२ आठवड्यांची परीक्षा झाली. दोन्ही गटांना सारखाच हलका आहार होता. १९९८ साली निकाल छापून आला : खऱ्या गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि नकलीवाल्यांचं ४.१ किलो!

इतका फरक योगायोगानंही पडतो, त्यामुळे नकली गोळी भारी असं लगेच म्हणू नका. वजन आहारानं उतरवलं, गोळीनं नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. पण नकलीवाला गट नसताच, तर? ‘बारा आठवड्यांत तीन किलो कमी!’ अशी जाहिरात झळकली असती, आणि तिच्यातला एक आकडाही खोटा नसता. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवणाऱ्या जाहिरातीत हा दुसरा गट कधीच नसतो.

या परीक्षेत सगळेच नापास होतात असंही नाही. सेमाग्लुटाइड नावाच्या इंजेक्शनाची अशीच परीक्षा १,९६१ जणांवर झाली. २०२१ साली आलेल्या निकालात ६८ आठवड्यांनंतर औषधवाल्यांचं वजन सुमारे १५ टक्के उतरलं होतं, नकलीवाल्यांचं अडीच टक्क्यांच्याही आत. याला म्हणतात फरक! मात्र मळमळ-उलट्यांचा त्रास होतो, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

म्हणजे गुण येतो का, हा झाला एक प्रश्न. गोळी सुरक्षित आहे का, हा अगदी निराळा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाची पिवळी पूड वापरत. ती हाताळणारे कामगार घामाघूम होत, बारीक होत आणि त्यांतले काही तर मेले. तरी १९३३ नंतर अमेरिकेत हेच रसायन वजन उतरवायला सर्रास विकलं गेलं. वजन उतरायचंही! कारण स्कूटर न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलरेटर पिळत बसावं तसं ते शरीराचं करतं. इंधन जळतं, इंजिन तापतं, गाडी जागच्या जागी. शरीर आतून इतकं तापतं की माणूस दगावतो. त्या तापाला नेहमीच्या तापाच्या गोळ्या दाद देत नाहीत आणि या विषावर उताराही नाही. कित्येक तरुण बायकांना मोतीबिंदू झाले. १९३८ साली अमेरिकेत नवा कायदा आला, तेव्हा कुठे ही विक्री बंद झाली. तरीही ही पूड आजही चोरून विकली जाते आणि माणसं मरतात.

‘पण आमची गोळी वनस्पतीची आहे!’ असं डब्यावर लिहिलेलं असतं. (धोतराही वनस्पतीच, बरं का!) शिवाय डब्यावर जे लिहिलंय तेच आत असेल कशावरून? सिब्युट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयविकार असलेल्यांना त्यानं झटक्याचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० साली अमेरिका-युरोपात ते बाजारातून काढलं, २०११ साली भारतानं बंदी घातली. मग ते गेलं कुठे? ‘हर्बल’ डब्यांत! २००७ ते २०१६ या काळात अमेरिकी औषध-प्रशासनाला छुपी औषधं मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. त्यांतली ३१७ वजन उतरवण्याची होती, आणि त्यांतल्या बहुतेकांत हेच सिब्युट्रामाइन. तेव्हा ‘पहिल्याच आठवड्यात भूक गायब’ असा अनुभव कोणी सांगितला, तर खूश होण्याआधी शंका घ्या.

पूरक आहाराचे डबे अन्न म्हणून विकले जातात. त्यांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं इंग्रजीत छापावं लागतं. डबा फिरवून बघा, बारीक अक्षरांत सापडेल. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मात्र ‘दहा दिवसांत पाच किलो’! आपल्याकडे १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाचंही नाव आहे.

आणि ते झटपट पाच किलो? रेचक घातलेली गोळी पाणी काढते, चरबी नाही. लिटरभर पाण्याची बाटली हातात घेऊन काट्यावर उभे राहा. वाढला ना किलो? बाटली खाली ठेवलीत म्हणजे तुम्ही बारीक झालात का?

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. दहा ते सोळा या वयात वजन वाढायलाच हवं, कारण उंची आणि हाडंही वाढत असतात. ते खरंच जास्त आहे का, हे उंची आणि वय पाहून डॉक्टर सांगतील, शेजारच्या काकू नव्हेत. आणि घरातल्या कोणी अशी गोळी घेतली असेल आणि धडधड, ताप, डोळे पिवळे होणं असं काही दिसलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. डबा फेकू नका, बरोबर न्या. पोटात काय गेलंय याचा डॉक्टरांना तेवढाच माग लागतो.