लिंबूटिंबूसकट सारे!

मुलांना घरी बोलावणे फार सोपे असते. चकलीचे पीठ मळता मळतासुद्धा ते काम उरकते. वाढदिवस असो, भाऊबीज असो की सुट्टीत जमलेली भाचरे-पुतणे असोत, "या रे सगळे!" एवढे म्हणायचा अवकाश, पंधरा-वीस पोरे दारात हजर! खरी परीक्षा पुढच्या दोन तासांची. खाऊ पंधरा मिनिटांत संपतो. मग तीन वर्षांचे बाळ भोकाड पसरते, सात वर्षांचा वीर सोफ्यावरून उड्या घेतो, दहा वर्षांच्या दोघी मैत्रिणींचे बिनसते आणि चौदा वर्षांचे चिरंजीव मोबाईलमध्ये तोंड घालून कोपरा गाठतात.

आमचे बिऱ्हाड नांदेडला आणि धाकट्या बहिणीचे लातूरला. दोन्ही घरची मुले, शेजारची मुले, शिवाय शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची मुले अशी जत्रा दर सुट्टीत आळीपाळीने आम्हा दोघींकडे भरते. या जत्रेने मला एक कसोटी शिकवली. खेळ चांगला की वाईट, हे जिंकणाऱ्या मुलाकडे पाहून ठरवू नये. सर्वांत आधी बाद झालेले मूल काय करीत आहे, ते पाहावे.

संगीतखुर्चीचा हिशेब

आपल्या सर्वांच्या आवडत्या संगीतखुर्चीचाच हिशेब मांडून पाहा. मुले १२, खुर्च्या ११. विजेता ठरायला ११ फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत बाद झालेले मूल पुढच्या १० फेऱ्या भिंतीला टेकून बसते, दुसरे ९, तिसरे ८. साऱ्यांची बेरीज केली तर ५५ फेऱ्यांचे नुसते बसणे होते! आणि पहिल्यांदा बाद होते कोण? बहुधा सर्वांत लहान, नाहीतर सर्वांत भिडस्त. रडारड, ढकलाढकली आणि "आई, घरी चल ना" यांचा उगम तिथेच आहे.

मग आम्ही दोघी बहिणींनी खेळ तोच ठेवला आणि नियम उलटा केला. दर फेरीला बस्कर काढायचे, मूल काढायचे नाही. गाणे थांबले की साऱ्यांनी उरलेल्या बस्करांवर मावायचे. शेवटी दोन बस्करांवर बारा मुले! मोठ्यांनी धाकट्यांना कडेवर घेतलेले, कोणी एका पायावर उभा, कोणाची वेणी कोणाच्या हातात. हसून हसून सर्वांची मुरकुंडी वळते आणि बाद कोणीच नसते.

यात नवे काही नाही. आपल्या गल्लीबोळांतल्या मुलांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. त्यांचा 'लिंबूटिंबू' आठवा! धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, ओरडू द्यायचे. त्याच्यावर राज्य मात्र आणायचे नाही. कोणी त्याला 'कच्चं लिंबू' म्हणतात. या नियमासाठी कोठली समिती बसली नव्हती. भाऊ कडेवर घेऊनच खेळायला यावे लागणाऱ्या पोरींनी तो केला असावा, असे मला आपले वाटते. आता वयावार खेळ पाहू.

तीन ते पाच वर्षे

या वयाला हार समजत नाही. फक्त आपल्याला खेळातून काढले, एवढे समजते. म्हणून येथे बाद होणे हा शब्दच नको. 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र' घ्या. मध्येच 'म्हैस भुर्र' म्हणा. निम्म्या मुलांचे हात वर जातात आणि त्यांनी म्हैस उडवल्याचा आनंद सर्वांना होतो. शिक्षा नको, टाळ्या पुरेत. एक खेळ पाच-सात मिनिटे चालला तरी पुष्कळ. आंधळी कोशिंबीर मात्र टाळावी. डोळे बांधले की या वयाची मुले घाबरतात.

सहा ते आठ वर्षे

यांना पळायला हवे आणि नियमही हवेत, पण थोडके. 'मामाचे पत्र हरवले' यांच्यासाठीच जन्माला आले आहे. ज्याच्यामागे रुमाल पडेल तो उठून पळतो, म्हणून प्रत्येकाला आशा असते. आपल्याला एकच काळजी घ्यायची: एखाद्याच्या मागे रुमाल पडतच नसेल, तर रुमालवाल्याच्या कानात हळूच सांगायचे.

दुसरा खेळ शर्यतीचा. पेल्याने पाणी नेऊन बादली भरण्याची शर्यत बऱ्याच ठिकाणी घेतात. लातूरला ती कोणी घेऊ म्हटले तर घरची मोठी माणसे डोळे वटारतील! २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, ते शहर विसरलेले नाही. बहिणीने पाण्याच्या जागी ज्वारी आणली. दोन गट, चार पराती. मुठीत ज्वारी घ्यायची, पळत जायचे, पलीकडच्या परातीत टाकायची. सांडलेले दाणे खेळानंतर मुलांनीच वेचायचे आणि गच्चीवर पाखरांना टाकायचे. वेचण्याची पुन्हा शर्यत लागते, तो नफा वेगळा.

नऊ ते अकरा वर्षे

हे वय मोठे कायदेबाज! येथे हार-जीत हवीच. यांच्यासाठी लगोरी. शहाबादी फरशीचे सात तुकडे धार घासून घ्यावेत. आमच्याकडे ते हवे तेवढे मिळतात. जुन्या पायमोजात चिंध्या कोंबून चेंडू केला की खिडक्याही वाचतात आणि पाठीही.

भांडण लगोरीत नसते. गट पाडण्यात असते. दोन नायक आळीपाळीने गडी मागतात आणि शेवटी उरलेले मूल मान खाली घालून उभे राहते. त्याहून जुनी रीत चांगली. सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करून बाजूला जायचे, एकाने 'चंद्र' व दुसऱ्याने 'सूर्य' अशी गुप्त नावे घ्यायची आणि नायकांपुढे यायचे. नायकाने नाव मागायचे, गडी नव्हे. गट समतोल पडतात आणि नकोसे कोणी उरत नाही.

विटीदांडू घरगुती समारंभाला नको, डोळ्यांना धोका. पण त्याची मोजणी जरूर शिकवावी. वकट, लेंड, मूंड, नाल! पुण्या-कोकणातल्या मुलांनाही हे खेळातले मंत्र वाटत आले. आमच्या जिल्ह्यात देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून. त्यामुळे नांदेडच्या मुलाला शेजारच्या तेलुगु काकूच त्याचा अर्थ सांगतात. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार! मुलांचे खेळ सरहद्दीवर थांबत नाहीत, हे इतक्या सोप्या रीतीने दुसरे कोण शिकवणार?

बारा वर्षे आणि पुढे

मोकळे मैदान जवळ असेल तर प्रश्नच नाही, खो-खो घ्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही ती जिंकली आणि महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हे सांगितले की 'जुनाट खेळ' म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलीही ओढण्या खोचून उभ्या राहतात.

घरातल्या घरात करायचे तर तालुक्यांच्या चिठ्ठ्या करा. नांदेड जिल्ह्याचे तालुके १६ आणि लातूरचे १०, मिळून २६ चिठ्ठ्या. एकाने चिठ्ठी काढून खूण सांगायची, गटाने तालुका ओळखायचा. "गडावर रेणुकामाता" म्हणजे माहूर. "मराठे आणि निजाम, साल १७६०" म्हणजे उदगीर. "खरोशाची लेणी" म्हणजे औसा. खुणा तयार करण्याचे काम आदल्या दिवशी चौदा वर्षांच्या चिरंजिवांकडे द्यावे. मोबाईलही मग कारणी लागतो.

या वयाबद्दल आणखी एक सांगण्यासारखे आहे. बहिणीच्या घरी वरच्या खोलीत शिकवणीसाठी आलेली दोन मुले राहतात. लातूरच्या अभ्यासाची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. गावोगावची मुले तिथे पुस्तकात मान घालून वर्ष काढतात. भाचीच्या वाढदिवसाला अंगणात लगोरीचा गोंधळ चालला होता आणि त्यांतला एक मुलगा जिन्यात उभा राहून पाहत होता. बहिणीने त्याला पंच व्हायला बोलावले. पाच मिनिटे त्याने गंभीरपणे पंचगिरी केली. मग त्याच्याने राहवेना. "असं नाही रे लावायचं! मोठा दगड आधी," म्हणत तो मध्ये बसला आणि शहरातल्या पोरांना लगोरी रचायला शिकवू लागला. अर्ध्या तासाने वर जाताना म्हणाला, "काकू, पुन्हा कधी डाव मांडला तर हाक मारा." तेव्हापासून बहीण न चुकता हाक मारते. पुस्तकांनी मान वाकलेल्या मुलांनाही डावात जागा लागते. ती त्यांना पंचाच्या, शिकवणाऱ्याच्या मानाने द्यावी, म्हणजे ती संकोच न करता येतात.

सर्वांचा मिळून एक

शेवटचा खेळ बसून खेळायचा असावा, म्हणजे घामेजलेली मुले निवतात. आमच्याकडे तो मान चल्लसआठचा. फरशीवर खडूने २५ घरांचा चौकोन आखायचा. चार खेळाडू, चार कवड्या. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी. सर्व उपड्या पडल्या की आठ, सर्व उताण्या पडल्या की चार. हाच खेळ तेलुगूत अष्टाचम्मा आणि लातूरच्या पलीकडे कानडी मुलखात चौकाबारा. येथे वयाचा काही उपयोग नाही. सहा वर्षांची नात आजीची सोंगटी निर्दयपणे मारते आणि आजी तिच्याहून मोठ्याने ओरडते!

बक्षिसांचे म्हणाल तर सर्वांना सारखे द्यावे. शेंगदाण्याची चिक्की झकास. खेळ रंगात असतानाच थांबवावा, दमल्यावर नव्हे. आणि निरोप देताना एक छोटा समारंभ अवश्य करावा. गेल्या वर्षीचे जे लिंबूटिंबू यंदा भराभर पळू लागले आहे, त्याला सर्वांसमक्ष पुढे बोलावून सांगावे, "उद्यापासून तुझ्यावरही राज्य येणार बरं का!" त्या घोषणेने त्याची छाती जितकी फुगते, तितकी कुठल्याही बक्षिसाने फुगणार नाही.