आठव्या किलोबाइटचं दार

रनाळे असो की दोंडाईचा, हँग होणारा फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला की बहुधा एकच निदान होतं: ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ दुकानदार फोन लॅपटॉपला जोडतो, कंपनीचीच जुनी फाइल पुन्हा भरतो आणि फोन चार दिवस बरा चालतो. दुखणं मात्र जिथल्या तिथेच. २०१२ च्या यंत्रात २०१२ चंच अँड्रॉइड पुन्हा घातलं, तर त्यातली सुरक्षा प्रमाणपत्रंही त्याच काळातली येतात. समोरचं संकेतस्थळ खरं की खोटं, हे यंत्र याच प्रमाणपत्रांच्या यादीवरून पडताळतं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रं आज जगभरातली कोट्यवधी संकेतस्थळं वापरतात, पण या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांच्या यादीत नाही. मग रेंज आहे, डेटा आहे, तरी पान उघडत नाही. प्रोसेसर बिचारा ठणठणीत असतो.

दुसरा उपाय म्हणजे यंत्रात वेगळीच कार्यप्रणाली बसवणं. हा प्रयोग आपल्याकडे पवईत, आयआयटी मुंबईत झालेला आहे, आणि तोही ज्याची देशभर टर उडवली गेली त्या स्वस्त सरकारी ‘आकाश’ टॅबलेटवर. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेला पहिला ‘आकाश’ ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम घेऊन रडतखडत चालायचा. टर उडाली ती त्याची, आणि ती रास्तच होती. नोव्हेंबर २०१२ मधला ‘आकाश-२’ बराच सुधारलेला होता: १ गिगाहर्ट्‌झ, ५१२ एमबी रॅम, सात इंची पडदा, अँड्रॉइड ४. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने आयआयटीत या टॅबवर काम सुरू होतं. तिथल्या चमूने त्यावर सी, पायथन, सायलॅब चालवून दाखवलं आणि पुढे अख्खं लिनक्सही बसवलं. टॅब न उघडता, अँड्रॉइडला धक्काही न लावता, फक्त एका मेमरी कार्डावरून.

हे जमलं कसं, ते बघण्यासारखं आहे. ‘आकाश-२’मध्ये ऑलविनर ए-१३ ही स्वस्त चिप होती. बटण दाबल्यावर या चिपमध्ये कायमचा कोरलेला एक इवलासा प्रोग्रॅम जागा होतो. टॅबच्या स्वतःच्या साठवणुकीकडे वळण्याआधी तो मेमरी कार्डाच्या खाचेत डोकावतो. कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइट सोडून पुढे त्याला एक ठरावीक खूण हवी असते. सुरुवातीची जागा सोडायची, कारण कार्डाच्या विभागणीचा तक्ता तिथे असतो. खूण सापडली आणि बेरीज जुळली, की तिथला छोटा प्रोग्रॅम तो चिपच्या पोटातल्या काही किलोबाइट स्मृतीत उचलून घेतो. तोवर ती ५१२ एमबी रॅम चालूसुद्धा झालेली नसते. हा पाहुणा प्रोग्रॅमच तिला जागं करतो, मग कार्यप्रणाली सुरू करून देणारा मोठा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर आणतो, आणि तो लिनक्सचा गाभा. खूण नसेल तर नेहमीप्रमाणे अँड्रॉइड. म्हणजे फसलं तर कार्ड काढायचं, बस्स.

खरी कटकट त्यानंतरची. हीच चिप डझनभर कंपन्यांच्या टॅबमध्ये होती, पण पडद्याच्या तारा कुणी कुठल्या पिनला जोडल्या, हे प्रत्येकाचं वेगळं. त्यासाठी ‘स्क्रिप्ट डॉट बिन’ नावाची फाइल लागायची, बोर्डाच्या जोडणीचा नकाशाच म्हणा. दुसऱ्या टॅबची फाइल घातली की लिनक्स सुरू व्हायचं, पण बोटाला दाद द्यायचं नाही. चित्रं रेखणाऱ्या माली-४०० या भागाचं ड्रायव्हर तर तो भाग बनवणाऱ्या कंपनीने बंद कुलपातच ठेवलं होतं. बाहेरच्या हौशी मंडळींनी ते उलगडून नव्याने लिहिलं; ‘लिमा’ नावाने ते २०१९ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झालं. टॅब बाजारातून कधीच हद्दपार झाला होता, आणि त्याचं ड्रायव्हर आता कुठे सुधारत होतं!

हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणारं ते दार बंद असतं. चिपमधला पहिला प्रोग्रॅम पुढच्या प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही तपासतो आणि ती नसेल तर थेट नकार देतो. चोराच्या हाती लागलेल्या फोनसाठी ही सोय उत्तमच. पण कंपनीने बूटलोडर खुला करू दिला नाही, तर तुमच्याच फोनसमोर तुम्हीही चोर ठरता. ज्या कंपन्या परवानगी देतात, त्यांच्या काही फोनवर ‘लिनिएज ओएस’ हे अलीकडचं अँड्रॉइड किंवा २०१७ मध्ये सुरू झालेलं ‘पोस्टमार्केट ओएस’ हे लिनक्स बसतं.

तरी प्रत्येक जुन्या यंत्राला हे औषध लागू पडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. तक्रार होती कमी रॅमची, हँग होण्याची, तापण्याची. ते फोन २ जीबीचे, म्हणजे ‘आकाश-२’च्या चौपट. पण काम ‘पोषण ट्रॅकर’ या अँड्रॉइड अ‍ॅपवरच करायचं, म्हटल्यावर साधं लिनक्स तिथे काय कामाचं? सरकारी मालकीच्या फोनला सेविकेने हात लावायचा प्रश्नच नव्हता. बँकांची आणि यूपीआयची अनेक अ‍ॅपही बूटलोडर खुला दिसला की चालायला नकार देतात, त्यामुळे घरातल्या एकुलत्या एक फोनवर हा खेळ करू नये.

करायचाच तर कपाटात पडलेला टॅब घ्या. ५१२ एमबीत आजचा ब्राउझर गुदमरेल. पण पायथनचे धडे गिरवायला, किंवा ‘किविक्स’वर मराठी विकिपीडिया इंटरनेटविना वाचायला तो पुरतो. आधी पाठीमागचं झाकण मात्र बघा. ते जराही फुगलेलं असेल तर बॅटरी गेली. असा टॅब चार्जिंगला लावूच नका.